उमेदवारांची मोजदाद : अवध १८५६ आणि आजचे आकडे

महाराष्ट्रातून कोणी पाहुणे लखनौस आले की त्यांना बडा इमामबाडा दाखविण्याचे काम ओघानेच आमच्याकडे येते. पाहुण्यांना बहुधा भूलभुलैया पाहण्याची घाई असते. मी मात्र त्यांना आधी खालच्या त्या प्रचंड, खांबांवाचून उभ्या असलेल्या दालनात थांबवतो आणि सांगतो की ही वास्तू मुळात एक दुष्काळी काम आहे. १७८३-८४ साली उत्तर हिंदुस्थानात जो भीषण दुष्काळ पडला, तो विक्रम संवत १८४० मधला म्हणून ‘चालीसा’ या नावाने ओळखला जातो. त्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला याने १७८४ मध्ये हे बांधकाम काढले.

याच्याशी जोडलेली एक आख्यायिका लखनौत घरोघरी ठाऊक आहे. दिवसा सामान्य रयत भिंती रची आणि रात्री, मशाली विझवून, हलाखीत सापडलेली खानदानी मंडळी त्यांतला काही भाग पाडून टाकीत. त्यामुळे काम लांबत राही, मजुरी मिळत राही आणि अंधारामुळे कोणाचा चेहरा कोणाला दिसत नसे. आख्यायिकेकडे कागदपत्रांचा पुरावा मागू नये. पण तिच्यात रोजगाराच्या मोजमापाविषयी एक खरी गोष्ट दडलेली आहे. दिवसाच्या हजेरीपटावर नावे चढत होती. रात्रीच्या मंडळींची नावे कोठेच नव्हती. हलाखी दोघांचीही होती, मोजली गेली एकाचीच.

तरुण पुरुषांपैकी किती जणांच्या हाताला काम आहे, हे प्रमाण अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून कितपत भरवशाचे आहे, हा आजच्या लेखाचा विषय. तो मी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून न मांडता ज्या शहरात सध्या माझी नेमणूक आहे, त्या शहराच्या इतिहासातून मांडणार आहे. कारण शासनाने महसूल मोजला आणि तरुणांची चाकरी मोजली नाही, तर काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम एक खुलासा करणे जरूर आहे. तरुणच का, आणि त्यांतही पुरुषच का? तरुण अशासाठी की मंदीची पहिली झळ त्यांना लागते. कारखानदार असो वा सरकार, हात आखडता घ्यायचा झाला की आधी नवी भरती थांबते. जुन्या माणसांना काढण्याची पाळी फार नंतर येते. त्यामुळे दारात उभा असलेला नवखा उमेदवार हा येऊ घातलेल्या हवापालटाचा पहिला साक्षीदार असतो. पुरुष अशासाठी की आपल्या समाजात स्त्री घराबाहेर काम करीत नसेल तर त्याची कारणे लग्न, मुले, सासर, वाहतूक, सुरक्षितता अशी नाना प्रकारची असतात आणि त्यांतून बाजाराचा दोष वेगळा काढणे कठीण जाते. पुरुषाने मात्र कमावलेच पाहिजे असा समाजाचा दंडक आहे. तो रिकामा दिसला तर दोष बहुधा अर्थव्यवस्थेचा असतो. म्हणून केवळ तापमापक या नात्याने हा आकडा उपयोगी पडतो. स्त्रियांचे श्रम गौण आहेत असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उलट त्यांचे बरेचसे श्रम आपण मोजतच नाही, आणि तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खालसा झालेले राज्य आणि सुटलेली चाकरी

१८०१ च्या तहाने अवधचा जवळजवळ निम्मा मुलूख कंपनी सरकारने आधीच घेतला होता. उरलेले राज्य फेब्रुवारी १८५६ मध्ये खालसा झाले. कारण सांगितले गेले ते अंदाधुंद कारभाराचे. ते सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. १८४९ पासून लखनौस रेसिडेंट असलेल्या कर्नल स्लीमन यांनी राज्यभर दौरा करून तेथील जुलूम आणि अव्यवस्था यांची सविस्तर नोंद केली होती. परंतु याच स्लीमन यांचा राज्य खालसा करण्यास विरोध होता. असे केल्यास त्याची किंमत राज्याच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक पडेल आणि शिपायांत बंडाळी माजेल, असा इशारा त्यांनी देऊन ठेवला होता. तो मानला गेला नाही. त्यांच्यानंतर आलेल्या औट्रम यांनी नवाब वाजिद अली शाह यांच्यापुढे तहनामा ठेवला. वर्षाला १२ लाख रुपयांची तैनात देऊ केली. नवाबांनी सही नाकारली आणि मार्चमध्ये ते लखनौ सोडून कलकत्त्याकडे निघाले. त्याआधी, २८ फेब्रुवारी १८५६ रोजी, गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी आपल्या निरोपाच्या टिपणात कारकिर्दीचा आढावा घेतला. वाढलेले मुलूख आणि वाढलेला महसूल यांचा हिशेब त्यात आहे. या उलाढालीत किती लोकांची चाकरी सुटली, याचा रकाना त्या हिशेबात नव्हता.

तो रकाना आज आपण भरून पाहू. अवधमधल्या तरुणाला चाकरीची ढोबळमानाने चार दारे होती.

पहिले दार नवाबाच्या फौजेचे. या फौजेत सुमारे ६०,००० माणसे होती असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. ती कवायती नव्हती, पगार थकत, शिस्त बेताची. लष्करी दृष्टीने तिचा उपयोग किती, हा प्रश्नच होता. पण घरातला एक मुलगा तिच्यात असे आणि त्यावर चूल पेटे. ही फौज मोडण्यात आली. काही हजार माणसांना नव्या पलटणींत व पोलिसांत घेतले गेले. बाकीची हत्यार चालविण्यापलीकडे दुसरा धंदा न शिकलेली माणसे होती आणि ती गावी परतली.

दुसरे दार तालुकदारांच्या गढ्यांचे. मोठ्या तालुकदारापाशी हजारोंनी, लहानापाशी शे-दोनशे प्यादे असत. १८५६ च्या तात्पुरत्या जमाबंदीने तालुकदारांना मधले दलाल ठरवून शक्य तेथे बाजूस सारले. त्यांच्या ताब्यातील खेड्यांचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. गढ्या पाडण्याचे आणि हत्यारे काढून घेण्याचे धोरण ठरले. गढी गेली की गढीवरच्या पोरांना कोण पोसणार? जमाबंदीच्या कागदावर तालुकदाराची खेडी कमी झालेली दिसली. गढीच्या दरवाज्यावर बसणारा पहारेकरी त्या कागदावर कधी नव्हताच.

तिसरे दार खुद्द लखनौ शहराचे. दरबारावर जगणारे शहर होते ते. जरदोजीचे कारागीर, अत्तरवाले, सोनार, आचारी, माहूत, गवई, हकीम, कातिब अशा शेकडो कसबांची गिऱ्हाइकी दरबार आणि त्याच्या भोवतीचे अमीरउमराव यांच्याकडून येत असे. दरबार उठला आणि बाजारातली मागणी बसली. नव्या अमदानीत लखनौस वित्त आयुक्त असलेले मार्टिन गबिन्स यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतात दरबाराच्या आश्रितांचे आणि मोडलेल्या फौजेचे हाल नमूद केले आहेत. म्हणजे अधिकाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण ते निर्णयाच्या आधी हिशेबात आले नाही.

चौथे दार सर्वांत मोठे आणि वरकरणी उघडे राहिलेले, ते म्हणजे कंपनीची स्वतःची बंगाल फौज. तिच्या शिपायांचा फार मोठा भाग अवध आणि आसपासच्या जिल्ह्यांतून येत असे. पगार महिना ७ रुपये. आकडा आज हास्यास्पद वाटला तरी त्या काळी खेड्यातल्या घराला त्याचा आधार आणि मान दोन्ही होते. शिवाय अवधच्या शिपायाला एक सवलत होती. गावातल्या जमिनीच्या तंट्याबद्दलचा अर्ज तो रेसिडेंटमार्फत दरबारात रुजू करू शके. राज्यच खालसा झाल्यावर ही सवलत अर्थातच संपली. त्यातच जुलै १८५६ च्या कायद्याने नव्या रंगरुटांना समुद्रापलीकडे जाण्याची अट घातली गेली. आधीच्या शिपायांना ती लागू नव्हती, असे म्हणून सरकारने समाधान मानले. पण प्रश्न त्यांच्या धाकट्या भावाचा आणि मुलाचा होता.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘उमेदवार’ हा शब्द मराठीत आणि येथल्या उर्दूत सारखाच आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, तिच्यावरून तो आला. आज आपण तो निवडणुकीच्या संदर्भात अधिक वापरतो. पूर्वी मात्र कचेरीत जागा मिळेल या आशेने बिनपगारी खर्डेघाशी करणारा तरुण, तो उमेदवार. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार तिथूनच रुजला. बंगाल फौजेतही असे उमेदवार असत. रजेवरून परतणारा शिपाई आपल्या भाऊबंदांपैकी एखाद्या तरण्याताठ्या पोराला बरोबर घेऊन येई आणि जागा रिकामी होईपर्यंत तो पलटणीच्या आश्रयाने राही. या पोराची नोंद हजेरीपटात नसे, पगारपत्रकात नसे आणि बेकारांतही नसे. त्याच्यापाशी फक्त उमेद असे.

नवाबाची फौज, तालुकदाराची गढी, शहरातला बाजार आणि पलटण, ही चारही दारे दीड वर्षाच्या आत बंद किंवा अरुंद झाली. ३० मे १८५७ रोजी लखनौच्या छावणीत उठाव झाला. ३० जूनला चिनहट येथे इंग्रजांचा पराभव होऊन रेसिडेन्सीला वेढा पडला. पलटणींतले शिपाई, मोडलेल्या फौजेतले सैनिक, तालुकदारांचे प्यादे आणि शहरातले लोक येथे एकाच बाजूला दिसतात. इतर अनेक ठिकाणी छावणीपुरता राहिलेला उठाव अवधमध्ये मुलूखभर पसरला, त्याचे एक कारण या यादीत आहे.

इतिहासाचा अभ्यासक येथे मला थांबवील, आणि ते योग्यच होईल. १८५७ ची कारणे एकाच बेकारीत गुंडाळून ठेवणे हा अन्याय होईल. धर्मभावना, राजनिष्ठा, काडतुसे, जमीन, परकी सत्तेविषयीचा रोष, हे सारे त्यात होते. पण सर सय्यद अहमद खान यांनी ताज्या आठवणींवर लिहिलेल्या ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ या पुस्तिकेतही चाकऱ्या गेल्यामुळे आलेली विपन्नता हे एक कारण म्हणून मांडलेले आहे. आणि ही गोष्ट एका कारभाऱ्यानेही ओळखली होती. मार्च १८५७ मध्ये अवधचे मुख्य आयुक्त म्हणून आलेल्या हेन्री लॉरेन्स यांनी थकलेली वेतने देणे, मोडलेल्या फौजेतील माणसांना पुन्हा चाकरीत घेणे आणि तालुकदारांची समजूत काढणे हाती घेतले. उपाय बरोबर होता, पण त्याला अवघे अडीच महिने मिळाले. ४ जुलै रोजी लॉरेन्स वेढ्यात जखमी अवस्थेत वारले. रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा मी अनेकदा पाहिल्या आहेत. दर वेळी मनात येते की हा प्रांत ताब्यात घेण्याआधी जर कोणी चार दारांची ही साधी यादी केली असती तर?

दख्खनेतला दाखला

आपल्याकडचा अनुभव याहून फार निराळा नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा एल्फिन्स्टन यांनी बऱ्याच जहागिरी आणि इनामे चालू ठेवली. मोठ्या घराण्यांना सांभाळून घेतले. शहाणपणाचेच धोरण ते. पण किल्ल्यांच्या आणि गावांच्या रखवालीवर जगणारे रामोशी या व्यवस्थेत पुरेसे बसले नाहीत. पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला, त्यामागे हातची गेलेली रखवाली होती. सरकारने मधल्या काळात उमाजींना माफी देऊन सरकारी चाकरीतच घेतले होते, ही बाब बोलकी आहे. दुखणे कोठे आहे हे सरकारला कळत होते. अखेर ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी झाली.

आणि ज्यांनी हत्यार धरले नाही, त्या तरुणांचे काय? ते वाटेला लागले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर होते. घरावर कर्ज, गावात मिळकत नाही. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण १८५७ चा वृत्तांत म्हणून वाचतो. तो काम शोधत घराबाहेर पडलेल्या एका मराठी उमेदवाराचा वृत्तांतही आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण महाराष्ट्राबाहेर आहात, मीही आहे. गोडसे भटजींची वाट आपल्याला अपरिचित नाही. स्वदेशात ज्याच्या हाताला काम नव्हते असा तरुण परमुलखात गेला की तो गावच्या बेकारांच्या संख्येतून वजा होतो. आकडा सुधारतो, गाव सुधारत नाही.

आकडा कसा बनतो

आता आजच्याकडे येऊ. बेरोजगारी म्हणजे काय, हे ठरविण्यासाठी आपल्या देशाने बराच विचार केला आहे. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये स्पष्ट सांगितले की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढणे दिशाभूल करणारे ठरेल. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून दर काही वर्षांनी सविस्तर मोजणी होऊ लागली. २०१७-१८ पासून तिची जागा वार्षिक श्रमबल सर्वेक्षणाने घेतली. त्यानुसार १५ ते २९ वयाच्या ग्रामीण पुरुषांतील बेरोजगारीचा दर २०११-१२ मध्ये ५ टक्के होता, तो २०१७-१८ मध्ये १७.४ टक्के दिसला. शहरी पुरुषांत ८.१ वरून १८.७. दोन्ही पाहण्यांची रचना वेगळी असल्याने तुलना जपून करावी, हे खरे. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुढे स्त्रीपुरुष मिळून या वयोगटाचा दर २०१७-१८ मधील १७.८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर उतरला.

ही उतरण आनंदाची आहे काय? असू शकेल. पण तसे म्हणण्यापूर्वी एक छोटे गणित करून पाहा. एका वस्तीत १०० तरुण आहेत असे समजा. ४० शिकत आहेत, ५० काम करतात, १० काम शोधत आहेत. दर काढताना शिकणारे बाजूला ठेवतात. म्हणून ६० पैकी १०, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी ५ जण कंटाळून आणखी एका पदवीला नाव घालतात. उरले ५५ पैकी ५, म्हणजे ९ टक्के. दर निम्म्यावर आला आणि एकही नवी नोकरी निर्माण झाली नाही.

म्हणून जाणकार सांगतात की बेरोजगारीच्या दराऐवजी एकूण तरुणांत काम करणाऱ्यांचे प्रमाण पाहावे. वरच्या उदाहरणात ते आधीही ५० होते, नंतरही ५०च राहिले. या आकड्याने फसवणूक केली नाही. पण गणित पुढे न्या. उरलेले ५ जण वडिलांच्या पानटपरीवर, जिथे एकाचेच काम आहे, तिथे बिनपगारी हातभार लावू लागतात. नियमाप्रमाणे ते कामात धरले जातात. आता काम करणारे ५५, शोधणारे शून्य. दोन्ही आकडे सुधारले आणि त्या पाच घरांत एक रुपयाही अधिक आला नाही. तेव्हा तिसरा प्रश्न विचारावाच लागतो, काम आहे ते कोणत्या प्रकारचे? याच सर्वेक्षणांनुसार १५ ते २९ वयोगटात काम करणाऱ्यांचे प्रमाण ३१.४ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच काळात सर्व वयांच्या काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्के झाला आणि नियमित पगारदारांचा २२.८ वरून २१.७ वर आला. स्वयंरोजगारात उद्योजकही येतो आणि टपरीवरचा तो पाचवा मुलगाही येतो. दोहोंचा सांकेतिक क्रमांक वेगळा असला तरी बातमीच्या मथळ्यात ते एकच होतात.

घरातला गणक

हे सारे मला पुस्तकातून फार नंतर कळले. अनुभव आधीच आला होता. १९९२ मध्ये मी अर्थशास्त्रात एम. ए. झालो आणि पुढची तीन वर्षे सांगलीतल्या घरी स्पर्धा परीक्षांची तयारी करीत काढली. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड होते. त्याची मुदत वाढवून घेणे एवढाच त्याचा उपयोग. १९९३ च्या पावसाळ्यात नमुना पाहणीचा गणक आमच्याकडे आला. वडिलांनी त्याला चहा दिला आणि घरातल्या प्रत्येकाचा तपशील सांगितला. माझ्या नावापाशी आल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘तो शिकतो आहे.’’ मी आतल्या खोलीत होतो. माझे नाव तेव्हा कोणत्याही महाविद्यालयात नव्हते. पाहणीच्या सांकेतिक भाषेत काम शोधणाऱ्याला ८१ आणि शिकणाऱ्याला ९१ असा अंक असतो, हे मला सरकारी सेवेत आल्यावर समजले. वडिलांनी मला ८१ मधून काढून ९१ मध्ये ठेवले होते. ते खोटे बोलले असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पदवीधर मुलगा घरी बसून आहे, हे परक्या माणसापुढे उच्चारणे त्यांना जमले नाही, इतकेच. गणकानेही आपले काम चोख केले. तरी त्या वर्षीच्या देशाच्या आकड्यात मी बेकार नव्हतो.

इमामबाड्याच्या आख्यायिकेतली रात्रीची मंडळी मला ओळखीची वाटतात ती यामुळे.

मोजण्याची दुसरी रीत

बेकार किती, हे घरोघर जाऊन विचारण्याऐवजी ज्याला काम हवे त्याला येऊन मागू द्यावे, ही दुसरी रीत. ती महाराष्ट्राने देशाला दिली. आमच्याच जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून झालेला प्रयोग, १९७२ च्या दुष्काळातला अनुभव आणि १९७७ चा रोजगार हमीचा कायदा हा इतिहास मराठी वाचकांस सांगायला नको. २००५ मध्ये देशभरासाठी जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे मूळ तिथेच आहे. या योजनेचे मोल मजुरीइतकेच तिच्या मागणी नोंदवहीत होते. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, किती हातांना काम हवे, याची इतकी ताजी नोंद कोणतीही पाहणी देऊ शकत नाही. खडी फोडायला कोणी हौसेने येत नाही. जो आला त्याची गरज खरी.

पण ही नोंदवही दिवसाच्या हजेरीपटासारखी आहे. शिकलेला तरुण तिच्यात नाव घालीत नाही. तो कोठे दिसतो? २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयातील शिपायांच्या ३६८ जागांसाठी येथे लखनौत सुमारे २३ लाख अर्ज आले. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणे एवढी. अर्जदारांत २५५ जण पीएच.डी. झालेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी परीक्षा झाली, तेव्हा अर्ज सुमारे ४८ लाख होते. प्रश्नपत्रिका फुटल्याने ती रद्द करून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. परीक्षेच्या दिवसांत चारबाग स्थानकावर पाठीला पिशवी लावून फलाटावर झोपलेली मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला ‘उमेदवार’ या शब्दाचा जुना अर्थ नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. अर्जांची संख्या म्हणजे बेकारांची संख्या नव्हे. नोकरीत असलेलेही अर्ज करतात, एकच मुलगा दहा ठिकाणी करतो. तरी ज्यांना पाहणी ९१ मध्ये ठेवते आणि रोजगार हमीची वही ओळखत नाही, त्यांची सावली पडते ती या अर्जांच्या गठ्ठ्यावरच.

कारभाऱ्याने काय विचारावे

एकोणीसाव्या शतकातले कंपनीचे अधिकारी मूर्ख नव्हते. त्यांची जमाबंदी आजच्या मापानेही कसून केलेली होती. त्यांनी जे मोजायचे ठरविले ते नीट मोजले, आणि जे मोजले नाही त्याने त्यांचे राज्य हादरविले. आपण आज कितीतरी अधिक मोजतो. तरीही सरकारी प्रस्तावाच्या टिपणात वित्तीय भार किती, हा परिच्छेद सक्तीचा असतो. या आदेशाने कोणत्या तरुणांचे कोणते दार अरुंद होईल, हा परिच्छेद नसतो. एखादी भरती लांबते, एखादे महामंडळ बंद होते, एखाद्या सेवेचे ठेके बदलतात, वयोमर्यादेची तारीख सरकते. प्रत्येक निर्णयाला आपापली सबळ कारणे असतात आणि बहुतेक वेळा ती योग्यही असतात. अवधच्या फौजेचा कारभारही मोडकळीला आलेला होताच की. पण चार योग्य निर्णय एकाच जिल्ह्यावर एकाच वर्षी कोसळले तर काय होते, याची बेरीज करण्याचे काम कोणत्याच एका खात्याचे नसते.

म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी तीन प्रश्न सुचवीत असतो. दर कमी झाल्याची बातमी आली की विचारा, काम करणारे वाढले की शोधणारे थकले? काम करणारे वाढले असतील तर विचारा, पगारावर की वडिलांच्या टपरीवर? आणि आपल्या सहीने कोणतेही दार बंद होणार असेल तर सही करण्याआधी विचारा, त्या दारात आज कोण उभे आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वेक्षणांच्या तक्त्यांत सापडतात. थोडी चिकाटी पाहिजे. तिसऱ्याचे उत्तर तक्त्यात नाही. त्यासाठी कचेरीतून उठून एखाद्या संध्याकाळी चारबागच्या फलाटावर, अलाहाबादच्या किंवा पुण्याच्या एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बसावे लागते. तेथे एखाद्या मुलाला ‘‘काय करतोस?’’ असे विचारले की तो उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो. माझे वडील थांबले होते तसाच. तो थांबला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.